मोंढा, सराई आणि जाफर गेटचा रविवार : जुन्या शहरात पायी फेरी (मार्ग ठरवू या)

खामकाठ (धागाकर्ता)

छत्रपती संभाजीनगरला पाहुणे आले की आपण त्यांना जुन्या शहरात काय दाखवतो? भडकल गेट, मकाई गेट, दिल्ली गेट, पाणचक्की, वेळ उरला तर शहागंजचा घड्याळ टॉवर. एका दरवाज्यापुढं फोटो काढायचा आणि पुढच्या दरवाज्याकडं गाडी वळवायची. दरवाजे बघावेतच. पण त्या दरवाज्यांतून रोज काय आत यायचं, त्याच्या मागं मागं चालत गेलं तर हे शहर खरं कळतं, असं माझं ठाम मत आहे.

आत यायची ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, गूळ, कडबा. त्यांच्यासोबत माणसं आणि बैल. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला टेकायला जागा लागते, बैलांना दावण लागते, पोटाला भाकर लागते. म्हणून बाजाराच्या आजूबाजूला सराया, धर्मशाळा, भटियारखाने, खाणावळी उभ्या राहिल्या. बाजार आणि मुक्काम या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघितल्या तर दोन्ही अर्धवट दिसतात.

तर येत्या जानेवारीतल्या एखाद्या रविवारी पायी फेरी करावी असं मनात आहे. ढोबळ मार्ग असा : पाणचक्की, महमूद दरवाजा, भडकल गेट, सिटी चौक, शहागंज, राजाबाजार, जुना मोंढा (धान्याची घाऊक बाजारपेठ) आणि शेवटी जाफर गेटचा आठवडी बाजार.

पाणचक्कीपासून सुरुवात का, ते सांगतो. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवलं आणि डोंगरातलं पाणी नहरीनं गावात आणलं. पुढं १८व्या शतकात त्याच तऱ्हेनं पाणचक्कीची नहर झाली. उत्तरेकडच्या डोंगरातून पाणी बंद नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. पीठ कुणासाठी? सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणारे यात्रेकरू, फकीर आणि वाटसरू यांच्यासाठी. हौदाच्या तळाखाली मोठं दालन आहे, म्हणजे पाण्यानं भरलेला हौद हेच त्या दालनाचं छत. मे महिन्यात तिथं उभं राहून बघा, बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक अंगाला कळतो. परक्या माणसाच्या जेवणाची आणि विसाव्याची एवढी विचार करून केलेली सोय मराठवाड्यात दुसरीकडं मी तरी पाहिलेली नाही. आपण मात्र तिथं पाण्याची धार बघून दहा मिनिटांत बाहेर पडतो.

शहराबाहेरच्या वाटेवरही सराया होत्या. बुऱ्हाणपूरकडून दख्खनेत उतरणाऱ्यांसाठी अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरची मुघलकालीन सराई आहे. लेणी बघायला जाणाऱ्या किती जणांनी ती आत जाऊन पाहिली असेल? ती या फेरीत बसत नाही, पण वेगळी सहल काढण्याजोगी आहे.

मार्ग, वेळ, खाण्याची ठिकाणं, तुमच्या घरच्या आठवणी, सगळं इथं लिहा. त्यावरून पक्कं करू.

चिकलठाणेकर

उत्तम कल्पना. दोन व्यवहाराचे प्रश्न. आई बहात्तर वर्षांची आहे, तिला यायचंय. एवढं चालणं झेपेल का? आणि मधे बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठं आहे? पायी फेरीच्या धाग्यांवर हे कुणी लिहीत नाही आणि मग बायका सकाळपासून पाणी न पिता फिरतात.

खामकाठ

अगदी बरोबर, हे आधी ठरायला हवं. पाणचक्कीच्या आवारात सोय आहे, म्हणून सगळ्यांनी तिथं जमायचं. मधला टप्पा मी आधी फिरून बघून इथं लिहितो. काकूंना सिटी चौक ते राजाबाजार हा भाग रिक्षानं घेता येईल, आम्ही तिथं थांबू.

मोंढ्यातला

धागा बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे आजोबा जुन्या मोंढ्यात अडतीच्या दुकानावर (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारं दुकान) मुनीम होते. माझं लहानपण त्या ओट्यावर गेलंय.

तुम्ही सराई आणि धर्मशाळा म्हणता, पण शेतकऱ्याचा खरा उतारा अडत्याच्या दुकानातच असायचा. सुगीत गाड्या रात्रीच यायच्या. बैल सोडून मागच्या आवारात बांधायचे, कडबा टाकायचा, आणि माणसं पोत्यांच्या थप्पीला टेकून किंवा ओट्यावर घोंगडी अंथरून पडायची. सकाळी चहा दुकानाचा. दुपारी जेवण बऱ्याच दुकानांत दुकानाचंच : ज्वारीची भाकर, वरण, ठेचा, कांदा. आजी सांगायची की मोठ्या आवकेच्या दिवशी दुकानमालकाच्या घरच्या बायका भल्या पहाटे भाकरी थापायला बसायच्या आणि दुपार टळली तरी उठायच्या नाहीत.

मग हर्रास, म्हणजे लिलाव. खरेदीदार घोळक्यानं एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जायचे. मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची, एखादा दाणा दाताखाली फोडून बघायचा. कटकन फुटला तर माल वाळलेला, दबला तर ओल आहे. मुनीम भाव पुकारायचा, चढत चढत एका आकड्यावर थांबायचा. मग हमाल पोतं भरणार, मापाडी काटा करणार, आणि शेवटी हातात पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, पडणार. आजोबांचं पट्टीवरचं अक्षर इतकं सुबक होतं की लोकांनी ते कागद घरी जपून ठेवले होते.

लोकांना वाटतं अडत्या म्हणजे लुटारू. तसं सरसकट नव्हतं. रात्री-अपरात्री पोरगं आजारी पडलं, लेकीचं लग्न निघालं, बी-भरणाला पैसा हवा झाला, तर बँक कुठं होती? दुकानच होतं.

खामकाठ

मोंढ्यातला, फार मोलाचं लिहिलंत. दाणा दाताखाली फोडायचं तर मी फेरीत सगळ्यांना करून बघायला सांगणार आहे.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी वाद घालणार. ज्याच्या ओट्यावर झोपलो, ज्याच्या घरची भाकर खाल्ली, ज्याच्याकडून पेरणीला उचल घेतली, त्याच्या दुकानातून माल उचलून शेजारच्या दुकानात दोन रुपये जास्त मिळतात म्हणून कोण नेईल? नेता येत नव्हता. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता (वजनातली घट) असं एकेक कापत गेलं की हातात काय उरतं, ते शेतकऱ्याला माहीत असायचं, तरी तो तिथंच यायचा. ते जेवण मायेचं होतं हे मी मान्य करतो. पण भावात त्याची किंमत धरलेली होती.

म्हणूनच मला मुक्कामाची जागा इतकी महत्त्वाची वाटते. ज्या गावात शेतकऱ्याला कुणाच्याही उपकाराशिवाय रात्र काढता येते, तिथं तो सकाळी मोकळ्या मनानं भाव करतो. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० सालीच झाला होता, आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. कपाती, वजनं, उघडा लिलाव यांना शिस्त लावणं हा त्यांचा हेतू. समितीच्या आवारात शेतकरी निवास असावा, ही त्यातलीच मला सगळ्यात पटणारी गोष्ट. फेरीत मोंढ्यात उभं राहून हे बोलायला हवं, नुसते जुने ओटे आणि लाकडी खांब दाखवून पुढं जायचं नाही.

मोंढ्यातला

तुमचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. उचल आणि उतारा एकाच हातात होते, हे खरंच. पण आजोबांची बाजू म्हणून एवढं लिहितो, की पावसानं माल भिजला आणि खरेदीदार फिरकेना, तेव्हा तोच अडत्या शेतकऱ्याला दोन-दोन दिवस सांभाळून घ्यायचा. दोन्ही बाजू सांगा फेरीत. मी येतो, ओट्यावर उभा राहून मीच सांगतो.

गंजगोलाई

लातूरकर हजर आहे! तुमच्याकडं बाजार गल्ल्या-गल्ल्यांतून वाढत गेला, आमच्याकडं तो आखून बांधलाय. गंजगोलाई १९१७ ची. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आराखडा केला. गोल दुमजली इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटलेले. एका रस्त्याला सराफा, एकीकडं चपला, एकीकडं मिरची, एकीकडं गूळ. नवखा माणूस दोनदा गोल फिरला तरी त्याला कळत नाही आपण कुठल्या रस्त्यानं आत आलो. मिरचीच्या बाजूनं जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तेवढी एक खूण लक्षात ठेवायची.

आणि कृपा करून तारीख वेळा अमावस्येच्या आसपासची ठेवू नका. त्या दिवशी अर्धं लातूर शेतात असतंय. भज्जी, उंडे, आंबील सोडून कुणी शहर बघायला यायचं नाही.

जालनेकर

सराईचा विषय निघालाच आहे तर जालन्याला विसरू नका. काली मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई, शिवाय मोती तलाव, ही कामं जमशेद खानाची म्हणून ओळखली जातात. प्रार्थना, अंघोळ, मुक्काम आणि पाणी, सगळं एका माणसाच्या नावावर. बाजारपेठ म्हणून जालना आजही कुणाला ऐकत नाही. आमच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दगडी ज्वारीला २०२४ मध्ये. जाफर गेटला दगडी ज्वारी मिळाली तर जरूर घ्या. भाकर पांढरीफेक होत नाही, पण चव अशी की नुसत्या तेल-चटणीशी दोन भाकरी जातात.

शिवारातला

मी फुलंब्रीकडचा. भाजीपाला करतो. तुमचं सगळं वाचून राहिलो, चांगलं लिहायलेत समदे. पण एक सांगू का, मोंढ्याच्या जुन्या रातीचं तुम्ही लिहिलं, आमची रात आजबी तशीच हाय. जाधववाडीला, बाजार समितीच्या आवारात, माल न्यायचा तर टेम्पो रातीच भरावा लागतो. मेथी, कोथिंबीर हाय म्हणल्यावर सांजच्याला उपटायची, जुड्या बांधायच्या, वल्या गोणपाटात घालायच्या. पहाटं लिलाव. तोवर टेम्पोच्या टपावर नाहीतर क्रेटच्या आडोशाला बसायचं. थंडीच्या दिवसांत लई कुडकुडायला होतंय. चहाची टपरी हीच आमची सराई.

सरकारनं २०१६ मधी फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडी बाजार सुरू केले. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. थेट इकलं तर भाव बरा भेटतो. पण दिवसभर एक माणूस बाजारात अडकून पडतो, आन घरी पाणी कोण देणार? सांजच्याला उरलेली मेथी परत न्यायची का तिथंच टाकायची? लिलावात कमी भेटलं तरी माल एकदाच मोकळा होतो. म्हणून आम्ही दोन्ही करतो, चांगला माल थोडा बाजूला काढून रविवारी जाफर गेटला, बाकीचा जाधववाडीला.

तुम्ही फेरीला येणार तर या, पण फोटो काढून जाऊ नका, पिशवी आणा. आन भाव करताना आमच्या जुडीत दोन काड्या जास्त मागा, चालतंय. पण माल हातात घेऊन चुरगाळून परत ठेवू नका, त्याला मग कुणी हात लावत नाही.

खामकाठ

शिवारातला, तुमचा प्रतिसाद मी छापून फेरीच्या दिवशी सोबत ठेवणार आहे. 'पिशवी आणा' हा पहिला नियम. माल चुरगाळायचा नाही, हा दुसरा. आणि विक्रेत्याला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा माझा.

तुमचं वाचून मार्गही बदलावासा वाटतोय. सकाळी ताजा माल आणि गर्दी असते ती जाफर गेटला. मग उलट चालू या : आधी बाजार, मग मोंढा, राजाबाजार, शहागंज, आणि शेवट पाणचक्कीला. शेतकरी जसा माल उतरवून मग विसाव्याला जायचा, तोच क्रम.

भाकरतुकडा

आता खाण्याचं. बाजारात आठच्या सुमाराला पोचलात तर पोटात काही नसेल, म्हणून घरून सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) किंवा धपाटे-दही डब्यात आणा. मटण खाणाऱ्यांसाठी शहागंज आणि सिटी चौकाच्या आसपास नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हवाच. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एकाच मोठ्या भांड्यात शेकडोंचा रस्सा आणि भट्टीत भराभर निघणारे नान, हे बघितलं की लष्करी जेवण म्हणूनच ते सुरू झालं असणार हे पटतं.

भट्टीपाशी नक्की उभे राहा. भट्टी जमिनीत पुरलेली असते. कारागीर कडेला बसून गादीवर नान थापतो, आत वाकून भिंतीला चिकटवतो आणि हात मागं घेईपर्यंत दुसरा घेतलेला असतो. वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला असतो, त्यानं तो पिवळा तुकतुकीत रंग येतो. दोन लोखंडी सळयांनी काढलेला नान हातात घेतल्यावर कडेनं कडक आणि मधे मऊ लागला पाहिजे. खलिया रात्रभर मंद आचेवर असतो, म्हणून सकाळचा लवकर संपतो.

शाकाहारी मंडळींनी राजाबाजार ते गुलमंडी या पट्ट्यात जेवावं. पिठलं-भाकर, शेंगदाण्याची चटणी सहज मिळते. गुलमंडीची इमरती मात्र दोघांनी खावी.

पैठणगेट

खाणं झालं, पिण्याचंही लिहितो, कारण जुन्या बाजारांचा विषय शिंदीखान्याशिवाय (शिंदीच्या झाडाची ताडीसारखी दारू मिळायची ती जागा) पुरा होत नाही. निजामाच्या राज्यात शिंदी आणि दारूचं अबकारी उत्पन्न हा तिजोरीचा मोठा आधार होता. बाजारहाट उरकून माणूस शिंदीखान्यात बसला की पट्टीचे पैसे तिथंच अर्धे व्हायचे. म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा आंदोलनाचा भाग झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७ ला सत्याग्रह सुरू केला. गावोगाव तरुण कुऱ्हाडी घेऊन रानात गेले, निजामाचं उत्पन्न तोडायचं म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य मुक्त झालं, त्यामागं अशा किती गावांची नावं कुठं लिहिलीच गेली नाहीत.

त्याच शिंदीच्या पानांच्या केरसुण्या तुम्हाला बाजारात दिसतील. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पूजतात ती हीच. विणणाऱ्या बाईजवळ दोन मिनिटं थांबा. पानं ओली करून, चिरून, मुठीशी पीळ देत ती आवळते तेव्हा तिच्या बोटांवरचे घट्टे दिसतात. पन्नास-शंभराच्या केरसुणीवर कृपया घासाघीस करू नका.

चिकलठाणेकर

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, आमच्या लहानपणी रविवारी जाफर गेटला विळे-खुरपी, कासरे, घुंगरमाळा, मडकी, कोंबड्या, सगळं मिळायचं. वडील बैलांसाठी वेसण घ्यायला न्यायचे. आता काय काय उरलंय?

शिवारातला

काकू, विळे-खुरपी, कुऱ्हाडी अजून भेटतात, जुनं लोखंडबी असतंय. कोंबड्या असतात. बैलाचं सामान कमी झालं, कारण बैलच कमी झाले. ते बघायचं तर छावणीचा गुरुवारचा बाजार बघा, तिथं जनावरं येतात. जानेवारीत आलात तर हरभऱ्याचे ढाळे, बोरं, पेरू, गाजरं, हुरड्याची कणसं, समदं भेटतंय.

गंजगोलाई

हुरडा असेल तर आम्ही लातूरहून रात्रीच निघतो. राहायची सोय काय?

मोंढ्यातला

आमच्या घरी या. मोंढ्यापासून पायी अंतर आहे, चार-पाच माणसं आरामात झोपतील. आणि खामकाठ, काळजी नको, आम्हाला कुणाला काही विकायचं नाही.

खामकाठ

मग ठरलं म्हणायचं. वेळा अमावस्या आणि संक्रांत टाळून जानेवारीतला शेवटचा रविवार. सकाळी आठ वाजता जाफर गेटपाशी जमायचं. बाजारात तासभर, मग मोंढ्यातल्या ओट्यावर अडतीची गोष्ट दोन्ही बाजूंनी. राजाबाजारात संस्थान गणपतीला नमस्कार करून शहागंज, तिथं ज्याला जे खायचं ते. उन्हं चढायच्या आत सिटी चौक ओलांडून भडकल गेट, आणि शेवट पाणचक्कीच्या वडाखाली. थकलेल्यांसाठी राजाबाजारापासून रिक्षा. जमायची जागा बदलल्यामुळं जाफर गेट परिसरातल्या स्वच्छतागृहांची माहिती या आठवड्यात काढून इथंच टाकतो. कोण कोण येणार त्यांनी खाली नाव नको, फक्त आयडी आणि किती माणसं ते लिहा.

चिकलठाणेकर

तीन. आईसकट.

शिवारातला

मी बाजारातच आसन, मेथी घेऊन. गेटाच्या आतल्या अंगाला, लोखंडवाल्याच्या शेजारी.